लाल पंपाचे पाणी

मुलांनो, पाणी चांगले आहे हे तुम्ही कसे ओळखता? पेल्यात धरून पाहता, वास घेता, घोटभर चाखता. आपण सारेच असे करतो. पण पाण्यात अशीही एक वस्तू असू शकते, जिला ना रंग, ना वास, ना चव. मराठीत तिला सोमल म्हणतात, आपल्या उर्दूत संखिया. विज्ञानाच्या पुस्तकात तिचे नाव आर्सेनिक.

अलीगढला बी.एड. करताना माझा एक मित्र पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यातला होता. एका उन्हाळ्यात मी त्याच्या गावी गेलो. दारातच हातपंप. पाणी थंडगार, काचेसारखे नितळ. मी ओंजळ पुढे केली, तोच त्याची अम्मी मोडक्या हिंदीत ओरडली, "बेटा, ते पिऊ नकोस!" पंपाला लाल रंग फासलेला होता. घरातली माणसे वीस वर्षे तेच पाणी प्यायली होती. मित्राच्या अब्बांच्या तळहातांवर कठीण, खरखरीत गाठी आल्या होत्या. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तरीही मुसाफा करताना ते हात आखडता घेत. लोकांनीच त्यांना तशी सवय लावली होती.

हे विष कोणी टाकलेले नाही. नद्यांनी हजारो वर्षे वाहून आणलेल्या गाळातच ते आहे; तेथून ते जमिनीखालच्या पाण्यात उतरते. तळ्याच्या पाण्यातील रोगजंतू टाळावेत म्हणून लोकांनी पंप बसवले आणि हे नवे संकट आले! 1983 साली कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रुग्णांच्या त्वचेवरून हे दुखणे ओळखले.

गावात पाणी तपासतात ते असे. बाटलीतल्या पाण्यात रसायने घालतात. आर्सेनिकचा वायू होऊन वर येतो आणि झाकणातील पांढरा कागद पिवळा किंवा तपकिरी होतो. तो वायू विषारी असतो, म्हणून हे काम जाणत्या माणसाचे. नेमका आकडा मात्र प्रयोगशाळेतच कळतो. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये आर्सेनिक 0.01 मिलिग्रॅमहून जास्त नसावे.

"सर, पाणी उकळले तर?" असे तुम्ही विचाराल. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते.

चाळीस पावलांवर शेजाऱ्यांचा पंप होता. तो जास्त खोल, आणि तपासणीत त्याचे पाणी चांगले निघाले. म्हणूनच प्रत्येक पंप वेगळा तपासावा लागतो, आणि काही काळाने पुन्हा. मित्राची अम्मी सकाळ-संध्याकाळ तेथूनच कळशी भरून आणत असे. लाल पंपावर कपडे धुतले जात. मित्राची लहान भाची तेथे बाहुलीला आंघोळ घालत होती. त्या पंपाचे पाणी ती कधी प्यायलीच नव्हती.