नवं-जुनं

मार्च संपत आला की गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांच्या पायरीवर एक प्रश्न हमखास कानी पडतो, "यंदाचं नवं-जुनं झालं का?" शेतकरी जुनं पीककर्ज भरतो आणि थोड्या दिवसांत नवं उचलतो. मुदतीत भरलं तरच व्याजात सवलत, म्हणून कित्येकजण चार दिवसांसाठी हातउसने काढून भरतात. कागद नवा, ओझं बरंचसं तेच!

हे आजचं नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावायला तीनच वर्षं दिली. घडलं भलतंच. सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि थकलेलं व्याज मुदलात मिसळू लागले. मे १८७५ मध्ये सुप्याला दंगा उसळला, तेव्हा लोकांचा रोख माणसांपेक्षा रोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. पुढे १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यामागचा मूळ हिशेब तपासायची मुभा मिळाली.

हे सगळं आठवायचं कारण आमचा भाचा. परवा विरारहून आला तो खुशीत. दोघांनी मिळून दुकान काढलं होतं, कर्ज मात्र याच्या एकट्याच्या नावावर. आता भागीदार दुकान ठेवून घेणार आणि हप्तेही तोच भरणार.

"आमचं ठरलंय मावशी. मी सुटलो."

"पतसंस्थेला विचारलंस?"

"त्यांना कशाला? पैसे मिळाल्याशी कारण."

जामीनदार कोण, तर याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण. तिच्याकडे राहत्या घराशिवाय आहे काय?

मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली. १८७२ च्या करार कायद्याचं ६२ वं कलम त्याला सांगितलं. जुन्या कराराच्या जागी नवा आला की जुना पाळायची गरज उरत नाही, पण त्यासाठी संबंधित सगळ्यांची संमती हवी. रामाचं देणं गोविंदा फेडेल असं त्या दोघांनी कितीही ठरवलं, तरी घेणाऱ्याने होकार दिला नाही तर देणेकरी रामाच. उद्या गोविंदाचा हप्ता चुकला, तर नोटीस रामाच्या दारात आणि त्याच्या जामीनदाराच्याही.

भाचा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "संस्था नाही म्हणाली तर?"

"तर कर्ज तुझंच आहे असं समजून भागीदाराशी हिशेब कर. आणि हो म्हणाली, तर जुनं खातं बंद झाल्याचं आणि आईचा जामीन सुटल्याचं लेखी घे. नव्या कागदावर तिची सही मागितली, तर आधी मला फोन कर."

सोमवारी दोघे मिळून पतसंस्थेत जाणार आहेत. बहिणीला अजून यातलं काही ठाऊक नाही. भाच्याला बजावलंय, सोमवारच्या आधी तिला तूच सांग. सही तिची आहे.