जुना बाजार आणि आमचा माळा

पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. शाहीर अमर शेख चौकाच्या बाजूला रस्त्याकडेला ताडपत्र्या अंथरल्या जातात आणि त्यांवर शहराच्या घराघरांतून निघालेल्या वस्तू मांडल्या जातात. पितळी डबे, बंद पडलेली घड्याळे, पाने-पक्कड, रेडिओ, जुनी नाणी, सुटकेस, एकेकट्या बशा. "काही घ्यायचे नाही, नुसता फेरफटका मारू," असे ठरवून आम्ही दोघे निघतो. पण "कितने को दिया चाचा?" हे वाक्य एकदा तोंडातून गेले की पिशवी रिकामी परत येत नाही.

जुन्या वस्तूंची ही आवड आम्हाला कमीपणाची वाटत नाही. आपल्याकडे सेकंडहँड वस्तू घेतली तर ती पाहुण्यांपासून लपवण्याची रीत आहे. खरे तर प्रेषित मुहम्मद (स.) स्वतःच्या चपला स्वतः सांधत आणि कपडे शिवत, असे ह. आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. मग दुरुस्त करून वस्तू वापरण्यात लाज कसली? शिवाय जुन्या जाड पितळेचे पातेले आजच्या पातळ भांड्यापेक्षा कितीतरी टिकते. त्याला कल्हई मात्र करून घ्यायलाच हवी, कारण कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत चिंच, टोमॅटो, दही कळकते आणि पोटाला बाधते. कल्हईवाल्याने भांडे तापवून नवसागर टाकला, कथील फिरवले आणि कापसाने पुसले की ते चांदीसारखे चमकते. हे पाहताना आम्हाला नव्या भांड्याच्या खरेदीपेक्षा जास्त आनंद होतो.

अडचण आहे ती घराची. दोन खोल्या, एक माळा, पलंगाखाली पत्र्याच्या तीन पेट्या. माळ्यावर एक देग, दोन मोठी पातेली, तीन कंदील आणि अब्बांच्या आजारपणात घेतलेला वॉकर. पेट्यांत चादरी, पडदे, कापडाचे तुकडे. पलंगाच्या कडेला शिलाई मशीन, तिच्यावर पुस्तके आणि पुस्तकांवर इस्त्रीचे कपडे. रमजानची साफसफाई सुरू झाली की एक जण म्हणतो, "कधीतरी लागेल." दुसरा विचारतो, "तोपर्यंत नमाजला मुसल्ला कुठे अंथरायचा?" दोघांचेही बरोबर असते, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

जुन्या बाजाराची गंमत अशी की तिथे खर्च झाल्यासारखा वाटत नाही. हजाराची वस्तू दीडशेला मिळाली की साडेआठशे वाचले, असा हिशेब मन मांडते. पण लागत नसलेली वस्तू दीडशेला घेतली तर दीडशे गेले, शिवाय दोन फूट जागाही गेली. इस्राफ फक्त महाग वस्तूंचाच होतो असे नाही. सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा आहे की एक बिछाना पुरुषासाठी, एक पत्नीसाठी, तिसरा पाहुण्यासाठी आणि चौथा शैतानासाठी. त्यात बिछाना महाग की स्वस्त, नवा की जुना, हे विचारलेले नाही. प्रश्न गरजेचा आहे. आणि पाहुण्यासाठी ठेवलेली वस्तू गरजेतच मोजली आहे, हेही तितकेच लक्षात घेण्यासारखे आहे.

फिकहमध्येही हा विचार आहे. रोजच्या वापरातील घरगुती वस्तूंवर जकात नाही, हे सर्वांना माहीत असते. पण हनफी मतानुसार सदका-ए-फित्र आणि कुर्बानी कोणावर वाजिब आहे हे पाहताना मूळ गरजेपलीकडचे सामानही निसाबच्या हिशेबात धरले जाते. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे 612 ग्रॅम. तेव्हा माळ्याची मोजदाद केवळ झाडलोटीची बाब उरत नाही. आपल्या घराचा नेमका हिशेब जवळच्या आलिमांना विचारून करावा.

आम्हाला वाट दाखवली ती सूरह माऊनने. कुरआनची ही 107 वी सूरह अवघ्या सात आयतींची, मुलांनाही पाठ असते. तिच्या शेवटी माऊन रोखून धरणाऱ्यांची निंदा आहे. माऊन म्हणजे काय, हे सांगताना ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून कुऱ्हाड, हंडी, बादली अशा वस्तूंची नावे आली आहेत. म्हणजे शेजारी एकमेकांना सहज मागतात त्या वस्तू. आमचा माळा अशाच वस्तूंनी तर भरला आहे!

तेव्हापासून घरात एक वही आहे. माळ्यावर, पेट्यांत काय आहे ते तिच्यात लिहिले आणि मोहल्ल्यात सांगून टाकले. अकीका असो की कुरआनखानी, देग आता घरोघर फिरते. वॉकर सध्या पलीकडच्या गल्लीतल्या एका खालांकडे आहे. पाय मोडल्यावर महिना-दोन महिने लागणारी वस्तू प्रत्येकाने विकत का घ्यावी? ज्या वस्तू वर्षभरात ना आम्हाला लागल्या, ना कोणी मागितल्या, त्या बाहेर काढायच्या. त्यातही एक पथ्य आहे. जी वस्तू स्वतःला कोणी दिली तर आपण डोळेझाक करूनच घेऊ, ती दानात देऊ नये, अशी शिकवण सूरह बकरहच्या 267 व्या आयतीत आहे. म्हणून फाटके-तुटके ते भंगारवाल्याकडे आणि धडधाकट ते माणसांकडे.

शिलाई मशीनचे मात्र अवघड गेले. ती जुन्या बाजारातली आमची सर्वांत लाडकी खरेदी. तेल घालून, पट्टा बदलून आम्हीच ती चालू केली होती. खालच्या मजल्यावरच्या भाभींचे यजमान वारले आणि इद्दत संपल्यावर त्यांनी ती महिनाभरासाठी मागितली. आज सात महिने झाले. सलवार-कमीज आणि पडदे शिवून त्या दोन मुलांच्या शाळेचा खर्च भागवतात. मागच्या आठवड्यात त्यांनीच संकोचाने विचारले, "बाजी, मशीन कब वापस करूँ?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. जे आवडते त्यातून खर्च केल्याशिवाय नेकी गाठता येत नाही, हे सूरह आलि इमरानमध्ये अनेकदा वाचले होते. तेव्हा ते मशीनच्या रूपाने दारात उभे होते. "वो अब तुम्हारीच है," एवढेच आम्ही म्हणालो. वहीतून मशीनचे नाव खोडले.

जुन्या बाजारात आम्ही अजूनही जातो. आता भाव विचारण्याआधी एवढेच विचारतो, ही वस्तू आपल्याकडे आली तर कोणाच्या उपयोगी पडेल? उत्तरात आपले किंवा दुसऱ्या कोणाचे नाव आले तरच घ्यायची. घर अजून भरलेलेच आहे, माळाही अर्धाच मोकळा झाला आहे. वाचक भगिनींनो, येत्या रमजानच्या साफसफाईत तुम्हीही एक वही करून पाहा. तुमच्या माळ्यावर कोणाची तरी गरज झाकून ठेवलेली असेल. अल्लाह आपल्या घरांत सामानापेक्षा बरकत जास्त देवो. आमीन.