खुटबावची डिस्क

आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत तिला सगळे नुसतं डिस्क म्हणत. प्लायवुडची तिरक्या माथ्याची पेटी, माथ्यात बसवलेली दुधी ॲक्रिलिकची गोल चकती, चकतीखाली दोन फुटी ट्यूब. चकती बोटानं ढकलली की फिरते. चित्र काढताना मनगट वाकडं करण्यापेक्षा कागदच वळवून घ्यायचा, यासाठी ही सोय. चकतीच्या कडेला पितळेची पट्टी आणि पट्टीवर तीन खुंट्या: मधली गोल, बाजूच्या दोन चपट्या. अंगावर दागिना म्हणाल तर एवढाच. परदेशी डिस्कचं अंग ॲल्युमिनियमचं असतं, तिच्यात सरकत्या पट्ट्या असतात, पट्ट्यांवर मोजमापाच्या खुणा असतात. आमची पुण्यातल्या एका सुतारानं केलेली होती. तिच्या एका कोपऱ्यात त्याच्या पेन्सिलीचा हिशेबही तसाच राहिला होता.

स्वभावानं सकाळची आळशी. बटण दाबलं की लगेच उजळणार नाही. स्टार्टर दोन-चारदा डोळे मिचकावणार, चोक गुणगुणणार, मग मेहेरबानी केल्यासारखा उजेड येणार. दुपारपर्यंत पेटी इतकी तापायची की मे महिन्यात कागदावर टेकवलेला तळहात ओला व्हायचा आणि पेन्सिलीची रेघ फिसकटायची. त्यावर उपाय म्हणजे तळहाताखाली चिंधी. डिस्कवर चहाचा कप ठेवायचा नाही, हा स्टुडिओतला एकमेव नियम. तो सगळ्यांनी मोडला होता. तिच्या उजव्या खांद्यावर कपांच्या बुडांची वर्तुळं एकात एक गुंतलेली आहेत.

बाकी ती कडक. लपवाछपवी तिच्याकडे चालत नाही. खालच्या कागदावर जे असेल ते वर दिसणार, चुकलेलं असेल तर चुकलेलंच दिसणार. खुंट्यांच्या बाबतीत तर ती हट्टीच. ॲनिमेशनच्या कागदाला त्याच मापाची तीन भोकं पाडलेली असतात. कागद खुंट्यांवर बसला की तो केसभरही हलायचा नाही. ही युक्ती शंभर वर्षांपूर्वीची, राऊल बारे नावाच्या कॅनडातल्या चित्रकाराच्या नावावर सांगितली जाते. एका चित्रावर दुसरं नेमकं बसलं नाही तर पडद्यावर नुसता उभा असलेला माणूससुद्धा थरथरतो. भोक फाटलेला कागद म्हणूनच आम्ही जपून दुरुस्त करायचो. पट्टीवर मात्र हात ठेवायची कुणाची टाप नव्हती.

डिस्कवर बसणाऱ्याला इनबिटवीनर म्हणतात. सेकंदाला 24 फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तर सेकंदाला 12 चित्रं, म्हणजे दहा मिनिटांच्या फिल्मला एकाच पात्राची 7,200. ही सगळी मोठा ॲनिमेटर काढत नाही. तो महत्त्वाची तेवढी काढतो: हात खाली आहे, हात वर आहे. त्यांना की म्हणतात. मग कागदाच्या कोपऱ्यात तो एक छोटी शिडी आखतो, तिच्या पायऱ्यांवरून कळतं की मध्ये किती चित्रं हवीत आणि ती कुठं दाट, कुठं विरळ. ती मधली चित्रं इनबिटवीनरची. पगार कमी, संख्या जास्त, नाव कुठंच नाही.

आमच्या डिस्कवर बसायचा तो खुटबावचा. स्टुडिओत कुणाला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती, जो जिथून आला ते त्याचं नाव. एक सावंतवाडी होता, एक सांगोला होता, मी नगर, आणि हा खुटबाव. पुणे-दौंड मार्गावर येवत गेलं की खुटबाव, मग केडगाव. एक्स्प्रेस गाड्या तिथं धूळ उडवून निघून जातात, थांबते ती शटल. पासवाल्यांच्या गर्दीत उभं राहून तो रोज हडपसरपर्यंत गाडीच्या खिडकीतून माणसं बघत यायचा आणि आल्याआल्या सांगायचा, आज उरुळीला एक म्हातारा पिशवी घेऊन असा चढला. आणि ‘असा’ म्हणताना चढून दाखवायचा. त्याच्या गावाबद्दल कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: “येवत आणि केडगाव ह्या कीज. मी इनबिटवीन.”

मी क्लीनअपला, म्हणजे कच्च्या रेघा स्वच्छ करून काढायच्या कामाला होते, त्याच्या शेजारच्या टेबलावर. त्याचं काम बघण्यासारखं असे. खाली एक की, तिच्यावर दुसरी, त्यावर कोरा कागद, खाली उजेड. नवशिक्याला वाटतं, दोन रेघांच्या बरोबर मध्ये तिसरी ओढली की झालं. तसं केलं तर वर उचललेला हात मध्येच आखूड होतो, कारण हात खांद्यातून कमानीत फिरतो, सरळ रेषेत जात नाही. तोंड डावीकडून उजवीकडे वळत असेल तर ते खाली जरा झुकून वळतं. लांबच्या हालचालीला तो दोन्ही कागद खुंट्यांवरून काढायचा, आकृती एकमेकींवर येतील असे सरकवून चिकटपट्टीनं धरायचा, आणि मधली जागा शोधून कोरा कागद तिथं बसवायचा. निळ्या पेन्सिलीनं आधी नुसती कमान, मग त्या कमानीवर नाक, हनुवटी, टोपीचं टोक. पाच कागद बोटांच्या फटीत धरून खालीवर करायचा, त्याला फ्लिप करणं म्हणतात. फ्लिप करताना तो तोंड उघडं ठेवायचा. मनासारखं जमलं की तोंड मिटायचं.

मैत्र्या झाल्या त्या या फ्लिपवरून. जाता जाता कुणी खांद्यावरून वाकायचं, “फ्लिप कर की जरा,” आणि मग एक शब्द: “जड आहे,” “तरंगतंय,” “कोपर मेलंय.” इतकं खरं तोंडावर बोलणारी माणसं मला पुढे कुठल्याच नोकरीत भेटली नाहीत. ज्याचं त्याचं देणं वेगळं होतं. पाणी आलं की सीन सावंतवाडीकडे जायचा. घोडा, शेळी, कुत्रं आलं की सांगोल्याकडे. कापड उडत असेल तर माझ्याकडे. हात, विशेषतः काम करणारे हात, खुटबावकडे. डेडलाइनच्या रात्री या वाटण्या कुणी लिहून ठेवत नसे, कागद आपोआप त्या त्या टेबलावर जात आणि डिस्कचा उजेड पहाटेपर्यंत चालू राही. पैसे मात्र ज्याच्या नावावर सीन त्याला. त्यावरून भांडणं झाली, नाही असं नाही. एकदा तर दोघं महिनाभर बोलत नव्हते आणि तरी एकमेकांचे कागद न मागता दुरुस्त करत होते.

हिवाळ्यात तो सगळ्यांना गावी न्यायचा. दौंड तालुक्याचा हा पट्टा कालव्यावरच्या उसाचा. गुऱ्हाळावर आम्ही काकवी खायला गेलो आणि कढईसमोर रांगेनं उभे राहिलो. गुळव्याला वाटलं, पोरं भुकेली आहेत. सांगोला कुजबुजत होता, “वाफेची सायकल सोळा फ्रेमची असेल का?” घरी त्याची आजी अंगणातून गोठ्याकडे निघाली तर पाचजण तिच्या पायांकडे टक लावून. डावा पाय टेकताना ती किंचित थांबायची. “काय बघताय रं पोरांनो, काय पडलं का माझं?” आजीचं ते थांबणं पुढच्या महिन्यात एका परदेशी मालिकेतल्या राणीच्या चालीत गेलं. रिटेक आला नाही. त्या राणीच्या देशात कुणालाही कळलं नसेल की ती खुटबावच्या गोठ्याकडे निघाली आहे.

डिस्कचं कूळ काही हलकं नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं चित्रित करून ते पडद्यावर वाढताना दाखवलं, 1915 साली आगकाड्या नाचवल्या. चित्र किंवा वस्तू थोडी हलवायची, टिपायची, पुन्हा हलवायची, हे वेड आपल्याकडे इतकं जुनं आहे. ‘प्रभात’ फिल्म कंपनी कोल्हापुरातून पुण्यात आल्यावर 1934 मध्ये त्यांनी ‘जंबू काका’ हे कार्टून केलं. ‘प्रभात’च्या स्टुडिओची वास्तू आज फिल्म इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. 1956 साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेकडचे क्लेअर वीक्स शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या राम मोहन यांनी पुढे जपानी मंडळींबरोबर रामायणाचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला, तोही हातानं काढलेल्या चित्रांचा. आमच्या पिढीला या धंद्यात ओढलं ते मात्र 2005 च्या ‘हनुमान’नं. व्ही. जी. सामंत यांचा तो चित्रपट चालला आणि शहरात चौकाचौकांत ॲनिमेशनचे क्लास निघाले. बरीच फी भरून बाहेर पडलेल्या पोरांना सर्टिफिकेटवर ‘ॲनिमेटर’ लिहून मिळे आणि काम मिळे इनबिटवीनचं. मला यात फसवणूक दिसते ती क्लासवाल्यांची. काम कमी प्रतीचं होतं, असं मी कधीच म्हणणार नाही.

परदेशातली कामं आटली तसा आमचा स्टुडिओ बंद पडला. पगार थकले होते. ज्याला जे नेता येईल ते त्यानं उचललं. कुणी खुर्ची नेली, कुणी स्कॅनर. खुटबावनं डिस्क मागितली. संध्याकाळच्या शटलमध्ये मांडीवर घेऊन तो बसला तेव्हा समोरच्या पासवाल्यांनी विचारलं, “काय ओ, पोळपाट केवढ्याला घेतला?” घरी आईनं तेच विचारलं, जरा वेगळ्या सुरात: “दोन महिन्याच्या पगाराच्या बदली हे आणलंस व्हय रं?”

गावात ती आधी नांदेना. भारनियमनाचे दिवस. वीज यायची रात्री, तीही शेतीच्या वेळापत्रकाप्रमाणे. दिवसा तो कागद खिडकीच्या काचेवर धरून काम करायचा. रात्री डिस्क लागली की उसातली सगळी चिलटं चकतीवर. एकदा लाइनटेस्टमध्ये, म्हणजे पेन्सिलीची चित्रं हलवून बघताना, नायकाच्या कपाळावर एका फ्रेमपुरता ठिपका उमटून गेला. दिग्दर्शकानं फोनवर विचारलं, “हा तीळ का?” तो चिलटाचा होता. खुटबावनं सांगितलं, “सर, गावचा आर्टिस्ट आहे, सही करून गेला.”

तरी दोन-तीन वर्षं त्याला असं फ्रीलान्स काम मिळत राहिलं. मग तेही संपलं. सुहास कडव यांच्या दिग्दर्शनाखाली 2012 मध्ये ‘मोटू पतलू’ टीव्हीवर आलं आणि घराघरांत शिरलं. त्यातल्या पात्रांना कागद नाही, खुंटी नाही. संगणकात बाहुलं उभं करायचं, दोन कीज द्यायच्या, मधलं तो भरतो. भरतो ते पुष्कळदा चांगलं भरतो, हे कबूल केलं पाहिजे. पण बाहुल्याचा पाय जमिनीवर घसरतोय, डोळे आधी वळायला हवेत आणि मान मागून, हे बघायला पुन्हा माणूसच बसवावा लागतो, आणि तो माणूस जर डिस्कवर बसलेला असेल तर त्याला ते आधी दिसतं. आमच्या गँगमधले जे टिकले ते याच कारणानं टिकले, असं माझं ठाम मत आहे. खुटबाव आता पेनवाल्या स्क्रीनवर काम करतो, बहुतेक घरूनच. खालचं चित्र फिकट दिसण्याची सोय त्यात आहेच, बटणावर. ट्यूब तापत नाही, चिलटं येत नाहीत. त्याच्याच रेल्वेमार्गावर लोणी काळभोरला डिझाइनच्या संस्थेत आज मुलं रीतसर ॲनिमेशन शिकतात. तशी पोरं त्याला कधीकधी गाडीत भेटतात आणि तो त्यांना विचारतो, कागदावर फ्लिप करता येतं का? काहींना येतं.

डिस्क पडवीत आहे. तिच्यावर आता त्याची मुलगी भूगोलाच्या वहीत महाराष्ट्राचा नकाशा छापून घेते, शेजारच्या बायका ब्लाउजच्या बाहीवरची नक्षी उतरवून घेतात. एकाच नक्षीची दोन्ही बाह्यांवर तंतोतंत जोडी जमते ती खुंट्यांमुळे, हे त्यांनी आपलं आपण शोधून काढलं. संक्रांतीच्या आधी पडवीत वर्दळ असते. आईचा राग केव्हाच गेला. “लाईटचा पाट कुणाला नेऊ देऊ नको,” असं तीच सुनेला बजावते.

मागच्या वेळी गेले तेव्हा आम्ही ती उलटी केली. तळाला बॉलपेननं नावं आहेत, त्या त्या वेळी तिच्यावर बसलेल्यांची. त्यातली काही गावांची आणि काही खरी. कुणी खाली सीनचा नंबर लिहिलाय, कुणी तारीख. आम्ही केलेल्या मालिकांच्या शेवटच्या पाट्यांवर स्टुडिओचं नाव एका ओळीत येऊन जातं, माणसांची येत नाहीत. ही यादी तेवढी शिल्लक आहे. खुटबावनं तिच्यावर वॉर्निश मारून ठेवलंय.

जुन्या स्टुडिओतली अशी एखादी डिस्क तुमच्याही माळ्यावर, नाहीतर एखाद्या संस्थेच्या अडगळीत पडली असेल. ती भंगारात घालू नका. ट्यूब, चोक, स्टार्टर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळाले तर बघा, नाहीतर एलईडीची पट्टी बसवा. चकती तडकली असेल तर ॲक्रिलिकही कापून मिळतं. पट्टी मात्र काढू नका आणि खुंट्या घासू नका. त्या मापाची पट्टी करून देणारा माणूस आता शोधावा लागतो. आणि आधी पेटी उलटी करून बघा. नावं असतील तर उतरवून घ्या.