ओझे वाहणाऱ्यांचे गाव

काही गावे नदीमुळे वसतात, काही देवामुळे, तर काही एखाद्या राजाच्या इच्छेमुळे. टांझानियाच्या पश्चिम भागातील टबोरा हे गाव ह्यांपैकी कोणाचेच ऋणी नाही. ते वसले ते वाटेमुळे. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील बागामोयोहून निघालेली वाट पठार चढून येथे येते आणि येथेच फुटते. एक फाटा पश्चिमेस टांगानिका सरोवराकाठच्या उजीजीकडे जातो, दुसरा उत्तरेस व्हिक्टोरिया सरोवराकडे. उंची सुमारे १२०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून थोडी कमी. पण दरी नाही, कडा नाही. दूरवर पसरलेले विरळ रान, मधमाश्यांची पोळी आणि लाल माती. गावाच्या नावाविषयी असे सांगतात की, रताळी उकडून, कापून, वाळवून केलेल्या खाण्यास तिकडे 'मातोबोल्वा' म्हणतात. तांड्यांबरोबर तेच खाणे असे, आणि त्यावरूनच टबोरा हे नाव पडले. ज्या गावाचे नाव शिदोरीवरून पडले, त्याचा खरा नायक कोण असावा, ह्याचा अंदाज वाचकांस एव्हाना आलाच असेल.

परंतु इतिहासाची पुस्तके उघडावीत, तर तेथे निराळीच नावे दिसतात. १८५७ च्या नोव्हेंबरात बर्टन आणि स्पीक हे दोन इंग्रज प्रवासी येथे पोहोचले. तेव्हा ह्या वस्तीस कझे म्हणत. आजारी बर्टनला येथेच ठेवून स्पीक पुढील वर्षी उत्तरेकडे गेला आणि त्याने व्हिक्टोरिया सरोवर पाहिले. १८७२ साली लिव्हिंग्स्टन आणि स्टॅन्ली उजीजीची भेट आटोपून येथे आले. स्टॅन्ली मार्चमध्ये परतला आणि लिव्हिंग्स्टन मात्र गावाजवळच्या क्विहारा येथील मातीच्या सपाट छपराच्या घरात ऑगस्टअखेरपर्यंत वाट पाहत राहिला. त्या घराच्या जागी आज संग्रहालय आहे. ओमानी अरब व्यापारी होते, त्यांची घरे व बागा होत्या. सुरतेहून आलेला मूसा म्झुरी नावाचा खोजा व्यापारीही बर्टन येण्याच्या कितीतरी आधीपासून ह्या मुलखात व्यापार करीत होता. ही सर्व मंडळी नामांकित खरी. पण ती पाहुण्यांची यादी झाली. लिव्हिंग्स्टन पाच महिने कोणाची वाट पाहत होता? ओझे उचलणाऱ्या माणसांची! ती आल्यावाचून त्याला गाव सोडता येत नव्हते.

हे असे का, हे समजण्यास एका माशीची ओळख करून घेतली पाहिजे. त्सेत्से माशीच्या दंशाने घोडे, बैल, उंट मरत. त्या वाटेवर दीर्घकाळ ती माशी होती, आणि म्हणून चाक नव्हते, जनावर नव्हते; होता तो मनुष्याचा खांदा. समुद्रकिनाऱ्यावरून कापड, मणी, तांब्या-पितळेची तार वर जाई, हस्तिदंत खाली येई, आणि हे सर्व माणसांच्या डोक्या-खांद्यांवरून. एकेकाच्या वाट्यास तीस-पस्तीस किलोंचे ओझे, शिवाय स्वतःची चटई, मडके आणि शिधा. टबोऱ्याभोवती राहणारे न्याम्वेझी लोक ह्या कामात अग्रेसर होते. 'न्याम्वेझी' म्हणजे चंद्राकडचे लोक. पश्चिमेस जिकडे नवी चंद्रकोर दिसते तिकडून येणारे, म्हणून किनाऱ्यावरच्यांनी दिलेले हे नाव. एखाद्या जमातीचे नावसुद्धा तिच्या चालण्याच्या दिशेवरून पडावे, ही गोष्ट लहान नव्हे.

ह्या लोकांविषयी एक गैरसमज सर्वत्र रूढ आहे. ओझे वाहणारा आफ्रिकी म्हटला की तो गुलामच, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती अशी नव्हती. न्याम्वेझी हमाल बहुतांशी स्वतंत्र होते. ते मजुरी ठरवून, कापडाच्या मापाने ती घेऊन निघत. पीक घरात आले, कोरडा हंगाम लागला, की तरुण वाटेला लागत आणि पेरणीच्या सुमारास घर गाठीत. समुद्र पाहून आल्यावाचून तरुणास पुरुष म्हणावयाचे नाही, अशी तेथील समजूत होती. तांड्याच्या अग्रभागी 'किरांगोझी', म्हणजे वाटाड्या, पिसांचा शिरपेच घालून चाले. त्याच्यामागे हस्तिदंत वाहणारे, कारण ते ओझे सर्वांत मानाचे. दाताच्या टोकाला घंटा बांधलेली असे. मजुरी बुडते असे दिसले तर हीच माणसे ओझी खाली ठेवून बसत, आणि मग मोठमोठ्या प्रवाशांसही त्यांची मनधरणी करावी लागे.

अर्थात ह्या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच वाटेने गुलामांच्या रांगाही गेल्या. टबोऱ्याच्या बागा आणि शेते पुष्कळ अंशी गुलामांच्याच श्रमावर उभी होती, आणि तेथील श्रीमंत न्याम्वेझीही गुलाम बाळगीत. त्या मुलखात कायद्याने गुलामगिरी बंद झाली ती १९२२ साली. स्वतंत्र हमाल आणि विकलेला मनुष्य एकाच धुळीत चालत होते. म्हणूनच त्या दोघांतील भेद पुसून टाकणे हा दोघांवरही अन्याय आहे.

आता ह्या कथेचा एक धागा आपल्या अंगणापर्यंत येतो. नाशिकचा शरणपूर रस्ता आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या पायांखालचा असेल. समुद्रावर पकडलेल्या गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकी मुले एकोणिसाव्या शतकात ह्या शरणपुरात मिशनऱ्यांच्या आश्रयाने वाढली. तेथे ती लिहावयास, वाचावयास आणि कारागिरी करावयास शिकली. १८६६ साली लिव्हिंग्स्टनने नऊ तरुण येथूनच नेले. मुंबईस डॉ. विल्सन ह्यांच्या शाळेत काही काळ राहिलेला चुमाही त्याच्याबरोबर होता. पुढे १८७२ च्या ऑगस्टात स्टॅन्लीने धाडलेली सत्तावन माणसांची तुकडी टबोऱ्यास पोहोचली, तीत शरणपूरचा जेकब वेनराइट होता.

१ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात मरण पावला. बरोबरच्यांनी त्याचे हृदय तेथील झाडाखाली पुरले. प्रार्थना म्हटली वेनराइटने, झाडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. मग सुसी आणि चुमा ह्यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी देह वाळवून, सालीत व कापडात गुंडाळून खांद्यावर घेतला. ऑक्टोबरात हे विलक्षण ओझे टबोऱ्यास आले. तेथे कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी होता. पुढची वाट धोक्याची आहे, देह येथेच पुरावा, असा त्याने सल्ला दिला. सल्ला व्यवहाराचा होता. पण त्या हमालांनी तो मानला नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते किनाऱ्यास पोहोचले. पुढे एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटिकेस ज्यांनी खांदा दिला, त्यांत जेकब वेनराइट होता. सुसी आणि चुमा अंत्यविधीला पोहोचू शकले नाहीत. टबोऱ्याच्या साऱ्या इतिहासात ह्या नकाराइतका थोर प्रसंग आम्हांस दुसरा दिसत नाही. मजुरीचा प्रश्न तेथे केव्हाच संपला होता. उरला होता तो केवळ उचललेले ओझे पोहोचविण्याचा धर्म.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. जर्मन आले; १८९३ साली त्यांनी किल्ला घेतला, तेव्हा उन्यान्येंबेचा राजा इसिके ह्याने शरण न जाता बारूदखान्यास आग लावून मृत्यू पत्करला. १९१२ साली आगगाडी टबोऱ्यास आली आणि १९१४ साली टांगानिका सरोवरापर्यंत गेली. शतकभराचा खांद्यांचा व्यापार काही वर्षांत मावळला. आणि नेमके त्यानंतरच, पहिल्या महायुद्धात, दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी पूर्व आफ्रिकेतील लाखो माणसांवर सक्तीने ओझी लादली. त्यांतील हजारो वाटेतच गेली. जो धंदा मानाचा होता तो असा शिक्षेचा झाला. १९१६ साली बेल्जियन फौजेने गाव घेण्यापूर्वी नाण्यांची टंचाई पडली, म्हणून जर्मनांनी येथील रेल्वेच्या कारखान्यात पंधरा रुपयांचे सोन्याचे नाणे पाडले. रुपयांचे! जर्मनांचे तेथील चलन रुपया होते आणि आरंभी त्याचे पेसेही आपल्यासारखेच चौसष्ट होते. स्वाहिलीत पैशास आजही 'पेसा', दुकानास 'दुका' आणि आंब्यास 'एम्बे' म्हणतात. गावातील आंब्याची जुनी झाडे ह्या देवघेवीची साक्षी आहेत.

नंतर येथील सरकारी शाळा नावारूपास आली. ज्युलियस न्येरेरे तीत शिकले, आणि पुढे ह्याच गावातील सेंट मेरी शाळेत त्यांनी शिकविले. १९५८ च्या जानेवारीत त्यांच्या पक्षाची परिषद येथे भरली. प्रत्येक मतदाराने एक आफ्रिकी, एक आशियाई व एक युरोपीय अशा तिघांस मत दिलेच पाहिजे, अशा अटीची निवडणूक समोर होती. बहिष्काराची भाषा जोरात होती. तरीही तीत उतरावयाचे असे ठरले, आणि १९६१ साली स्वातंत्र्य आले. न आवडणारे ओझे उचलून मुक्काम गाठण्याची ही रीत त्या गावास अपरिचित नव्हती.

आज टबोरा हे प्रांताचे ठाणे आणि रेल्वेचे जंक्शन आहे. मध, तंबाखू, शेंगदाणा ह्यांचा व्यापार चालतो. सायकलींच्या मागे कोळशाची पोती बांधून माणसे गावात येतात. गाड्या म्वांझा आणि किगोमाकडे सुटतात, आणि बरेचसे उतारू येथे केवळ गाडी बदलण्यापुरते उतरतात. क्विहाऱ्याच्या संग्रहालयावर नाव आहे ते लिव्हिंग्स्टनचे, आणि ते असावे ह्यात आमची तक्रार नाही. शरणपूर रस्त्यावर मात्र जेकब वेनराइटच्या नावाची एखादी साधी पाटी लावावयास नाशिककरांस फार खर्च येणार नाही. त्याने वाहिलेल्या ओझ्याच्या मानाने ती हलकीच ठरेल.