माणा गांवचे लोकरी राखणदार

बदरीनारायणाचें दर्शन झालें म्हणजे बहुतेक यात्रेकरू परतीची मोटार गांठतात. ज्यांच्या पायांत बळ व मनांत कुतूहल आहे, त्यांनीं मात्र अलकनंदेच्या कांठानें सुमारें ३ किलोमीटर पुढें जाऊन माणा हें गांव अवश्य पहावें. सुमारें १०,५०० फूट उंचीवर वसलेल्या या गांवास पूर्वीं देशाचें अखेरचें गांव म्हणत. २०२३ सालीं तेथें 'भारताचें पहिलें गांव' अशी पाटी लागली. येथें व्यासगुहा आहे, गणेशगुहा आहे, आणि सरस्वतीच्या खळाळत्या प्रवाहावर एक प्रचंड शिळा टाकून केल्यासारखा भीमपूल आहे. पांडव याच वाटेनें स्वर्गारोहणास गेले अशी परंपरा आहे. महाप्रस्थानिक पर्वांत त्यांच्यामागून चाललेला कुत्रा वाचकांस ठाऊकच असेल.

तो कुत्रा कोणत्या जातीचा होता, हें व्यासांनीं सांगितलेलें नाहीं. परंतु माण्याच्या अरुंद बोळांतून हिंडतांना जे श्वान दृष्टीस पडतात, ते पाहून त्याचें स्मरण झाल्यावांचून रहात नाहीं. यांस भोटिया कुत्रे म्हणतात. काळाभोर किंवा काळा-तांबूस रंग, रुंद छाती, मानेभोंवतीं सिंहासारखी आयाळ, आणि कित्येकांच्या गळ्यांत अणकुचीदार खिळ्यांचा लोखंडी पट्टा. बिबट्या प्रथम गळाच धरतो, म्हणून हें चिलखत! १९६२ पूर्वीं येथील भोटिया व्यापारी माणा खिंडींतून तिबेटाशीं व्यापार करीत. मेंढ्यांच्या पाठीवर धान्य जाई व मीठ येई, आणि त्या तांड्यांची राखण हेच कुत्रे करीत. व्यापार बंद पडला. मेंढरें आणि राखणदार मात्र राहिले.

या गांवाचें एक वैशिष्ट्य असें, कीं तें वर्षांतून दोनदां घर बदलतें. मंदिराचीं दारें बंद होण्याच्या सुमारास माणसें, मेंढरें व कुत्रे खालच्या खोऱ्यांत उतरतात, आणि वैशाख लागला कीं पुन्हां वर चढतात. कुत्र्याची लोकरही याच पंचांगानें चालते. तिचे दोन थर असतात: वरचे राठ व लांब केस आणि आंतली दाट मऊ लव. थंडीपूर्वीं लव भरते, वसंतांत ती पुंजक्या-पुंजक्यांनीं झडते.

आमच्या तुकडींत नागपूरचे एक वकील सहकुटुंब होते. त्यांच्या नातवानें एका अंगणांत अस्वलाच्या बछड्यासारखें गुबगुबीत पिल्लूं पाहिलें आणि "आजोबा, ह्याला आपण घरीं नेऊं या," असा हट्ट धरला. वकीलसाहेबांनीं लोकर कांतीत बसलेल्या घरधनिणीस किंमत विचारली. म्हातारी हंसून म्हणाली, "बाबूजी, पिल्लूं मी देईन; पण त्याचा डोंगर तुम्ही कोठून द्याल? वैशाखांत आम्हांला निघायला आठ दिवस उशीर झाला, तर हे अन्न टाकतात आणि ओढ्यांत पोट बुडवून पडतात. आम्ही त्यांना वर आणीत नाहीं. तेच आम्हांला वर ओढतात." वकीलसाहेब घुटमळले. तेव्हां त्यांच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, "बाळ, पोराच्या खेळासाठीं दुसऱ्याचा जीव भाजूं नये." नातू बराच वेळ रडला, परंतु पिल्लूं आईपाशींच राहिलें.

म्हातारीचें बोलणें शास्त्रासही धरून आहे. आपल्याला सर्वांगास घाम येतो. कुत्र्याला तो बहुतांशीं तळव्यांसच येतो. अंगांतील उष्मा बाहेर टाकण्याचें त्याचें मुख्य साधन म्हणजे धापणें. जीभ व श्वासमार्ग यांवरील ओलावा उडतो आणि रक्त निवतें. निरोगी कुत्र्याचें तापमान सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें. तें १०५ च्या वर गेलें कीं जीवावर बेततें. नागपुरास हवा ११० अंशांवर तापते, तेव्हां धापण्याला मर्यादा पडते. मुंबई-रत्नागिरीस पारा कमी चढतो, पण दमट हवेंत ओलावाच उडत नाहीं, म्हणून तेथेंही धोका टळत नाहीं.

तरीही आज पुष्कळ घरांत असे केसाळ कुत्रे आलेले आहेत. आलेल्या जिवाचा सांभाळ हाच धर्म. प्रथम, उन्हाळा आला म्हणून त्याची लोकर मुळापासून भादरूं नये. वरचे केस उन्हास अडवतात. ते गेले तर कातडी भाजते, आणि कित्येकदां केस पूर्ववत् येत नाहींत. झडणारी लव मात्र फणीनें नित्य काढावी, म्हणजे कातडीला वारा लागतो. फिरावयास पहाटे न्यावें. रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून पहावी; आपल्याला चटका सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाहीं. दुपारीं शहाबादी फरशी, सावली, पंखा आणि दोन-तीन ठिकाणीं भरलेलें ताजें पाणी असावें. विदर्भांत वाळ्याचा पडदा किंवा कूलर उत्तम. कोंकणांत त्यानें दमटपणाच वाढतो. बंद मोटारींत त्याला क्षणभरही ठेवूं नये. म्हातारा, लठ्ठ किंवा आंखूड नाकाचा कुत्रा असेल तर दुप्पट जपावें.

धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसूं लागल्या, पाय लटपटूं लागले, तर ऊष्माघात झाला असें समजावें. ताबडतोब सावलींत आणून सर्वांगावर गार पाणी ओतावें, विशेषतः पोट व जांघा भिजवाव्या, आणि पंखा लावावा. ओली चादर पांघरून ठेवूं नये. तिच्याखालीं उष्णता कोंडते. शुद्ध असेल तरच थोडें पाणी पाजावें. मग पशुवैद्याकडे न्यावें, आणि वाटेंतही वारा घालीत रहावें.

ज्या घरीं अद्याप कुत्रा आलेला नाहीं, त्यांनीं आपल्याच गल्लींतील एखादें गांवठी पिल्लूं आणावें. आपलें ऊन त्याच्या आंगवळणीं पडलेलें आहे, आणि इमानांत तें कोणास हार जाणार नाहीं. आपल्यामागें चालत आलेल्या श्वानास सोडून धर्मराजानें स्वर्गही नाकारला. त्या कथेचा आदर करणाऱ्यांनीं त्या पहाडांतील श्वानास केवळ शोभेसाठीं खालच्या उन्हांत आणूं नये, एवढीच विनंति.