खोडता आलं पाहिजे

शनिवारी सकाळी साडेसातला माझ्याकडे कोडं येतं. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा शुक्रवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं दुसऱ्या दिवशीचं शब्दकोडं त्या वेळी खुलं होतं. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग इथे पुण्यात माझं कोडं साडेआठला उगवतं. मार्चमध्ये पुन्हा साडेसातला. मी त्याची प्रिंट काढते, एचबी पेन्सिलला टोक करते, खोडरबर हाताशी ठेवते आणि चहा उकळेपर्यंत क्लू नुसते वाचून काढते. गेली अकरा वर्षं हा नेम आहे. आजारपण आणि लग्नकार्यं सोडली तर चुकलेला नाही.

शनिवारचंच का, असं घरातले विचारतात. या वर्तमानपत्राची कोडी सोमवारपासून शनिवारपर्यंत चढत्या भाजणीनं अवघड होत जातात. रविवारचं आकारानं मोठं असतं, 21 बाय 21, पण अवघडपणात ते आठवड्याच्या मधल्या दिवसांइतकंच. सोमवार ते गुरुवार कोड्याला एक विषय असतो: तीन-चार लांब उत्तरं एकाच धाग्यात ओवलेली. तो धागा सापडला की उरलेली लांब उत्तरं अर्धी आपोआप हाती येतात. शुक्रवार-शनिवारी धागा नसतो. 15 बाय 15 ची चौकट, 225 घरं आणि जास्तीत जास्त 72 शब्द. विषय असलेल्या कोड्याला 78 शब्दांपर्यंत मुभा असते. शब्द कमी म्हणजे ते लांब, काळी घरं कमी, आणि शिरायला दारंही कमी. कोडं रचणाऱ्यावर विषयाचं बंधन नसल्यानं तो त्याला आवडलेला कुठलाही ताजा शब्द, कुठलाही बोलण्यातला वाक्प्रचार घालू शकतो. त्यामुळे शनिवारी सोडवणाऱ्याला कशाचाच अंदाज बांधून चालत नाही. मला ओढ आहे ती त्याचीच.

लहानपणी मी मराठी शब्दकोडी सोडवत मोठी झाले. रविवारच्या पुरवणीसाठी आईची आणि माझी ओढाताण व्हायची. तिकडून इंग्रजी कोड्याकडे आले तेव्हा सगळ्यात आधी जाणवला तो घराघरातला फरक. मराठीत एका घरात अख्खं अक्षर राहतं, कानामात्रेसकट. आडव्या ‘पाणी’तला ‘पा’ उभ्या ‘पाऊस’ला चालतो, ‘पतंग’ला चालत नाही. जोडाक्षरही एकाच घरात दाटीवाटीनं बसतं. म्हणून एक घर भरलं की शब्दाचा मोठा तुकडा हाती येतो. इंग्रजीत घरात एकच रोमन अक्षर, आणि ‘आर’ किंवा ‘ई’ मिळाल्यानं फारसं काही कळत नाही. पण तिथे एक मोठी सोय आहे. मराठी कोड्यात कितीतरी घरं एकाच शब्दाची असतात; अमेरिकन कोड्यात प्रत्येक घर एका आडव्या आणि एका उभ्या शब्दात बसलंच पाहिजे, हा नियम आहे. म्हणजे प्रत्येक अक्षराला दुसरीकडून साक्षीदार मिळतो. जो शब्द मी जन्मात ऐकलेला नाही, तोही पाच उभ्या शब्दांच्या साक्षीनं पूर्ण लिहिता येतो. इंग्रजी माझी मातृभाषा नाही आणि अमेरिकेत मी कधी राहिलेले नाही. तिथले बेसबॉलचे खेळाडू, जुन्या मालिका, लहान मुलांची गाणी मला ठाऊक नाहीत. या एका नियमामुळे मी त्या कोड्यात परकी राहत नाही.

क्लूंची भाषा शिकायला मात्र दोन-तीन वर्षं गेली. क्लू अनेकवचनी तर उत्तर अनेकवचनी, क्लू भूतकाळात तर उत्तरही भूतकाळात. क्लूमध्ये संक्षेप आला तर उत्तरही संक्षेपच. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर समजायचं की शब्दाशी खेळ केला आहे. शनिवारी पुष्कळदा ते चिन्हसुद्धा देत नाहीत. आपल्या श्लेषात एक शब्द दोन अर्थ घेऊन येतो: हार गळ्यातला आणि हार सामन्यातली. इंग्रजीत त्यापुढची गंमत आहे. तिथे एकच स्पेलिंग दोन उच्चारांचं असू शकतं. ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल. पण तेच स्पेलिंग ‘फ्लो’ला ‘अर’ जोडून वाचलं तर वाहणारी, म्हणजे नदी. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखी. डोळा जो उच्चार मनात म्हणतो, त्याच अर्थाच्या मागे माणूस जातो, आणि दुसरा अर्थ समोर असून दिसत नाही.

आता ज्या कोपऱ्यासाठी हे लिहायला बसले, त्याकडे येते.

पावसाळ्यातला शनिवार होता. तासाभरात माझी तीन चतुर्थांश चौकट भरली होती, राहिला होता वरचा डावा कोपरा. तिथे चार अक्षरी आडवा शब्द होता आणि क्लू होता, ‘भारतीय रॅप’. रॅप म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं ते. मी क्षणात साडी लिहिली. इंग्रजीत ती ‘सारी’ होते, एस-ए-आर-आय. माझ्याच कपाटातला शब्द. शेवटच्या ‘आय’वरून खाली जाणारा शब्द मी आधीच लिहिलेला होता: ‘कियॉस्क’, के-आय-ओ-एस-के, क्लू वर्तमानपत्राच्या टपरीचा. त्याचं दुसरं अक्षर ‘आय’. छान जमलं. ‘सारी’च्या ‘आर’मधून जाणाऱ्या पाच अक्षरी उभ्या शब्दाचा क्लू होता, ‘विशिष्ट नंबर’. दुसरं अक्षर ‘आर’, पाच अक्षरं, नंबर. मूळ संख्या म्हणजे ‘प्राइम’: पी-आर-आय-एम-ई. तोही चपखल बसला. दोन शब्द एकमेकांना मिळाले, तिसऱ्यानं दुजोरा दिला. आता कोपरा सुटल्यात जमा होता.

पण तो सुटेना. त्याच्या वरच्या ओळीतला चार अक्षरी शब्द असा दिसत होता: पहिली दोन घरं रिकामी, तिसऱ्यात ‘प्राइम’चा पी, चौथ्यात ‘कियॉस्क’चा के. क्लू होता, ‘खडतर प्रवास’. ‘पीके’नं संपणारा इंग्रजी शब्द मी कधी पाहिलेला नाही. म्हणजे दोहोंपैकी एक जण खोटा. इथे मी जे केलं ते आजही मला लख्ख आठवतं. मी ‘कियॉस्क’ खोडला. साडीबद्दल मला खात्री होती आणि ‘प्राइम’ साडीला मिळत होता. टपरीला मात्र इंग्रजीत आणखी दहा शब्द असतील, असं मी मनाशी म्हटलं. मग वीस मिनिटं दुसरा शब्द शोधत बसले. खालच्या ओळीतल्या अकरा अक्षरी लांब उत्तराची शेवटची सात अक्षरं ‘चेंबर’ होती, हे उजवीकडून कळलं होतं. सुरुवातीची चार मिळत नव्हती. इथे शब्दांमधली मोकळी जागा दाखवत नाहीत, त्यामुळे दोन शब्द आहेत हे ओळखण्यातच वेळ जातो. त्याचा क्लू होता, ‘जिथे तुम्हाला तुमचंच म्हणणं ऐकू येतं’.

शेवटी पेन्सिल ठेवली. मुलाला अकराच्या क्लासला जायचं होतं आणि पोळ्या व्हायच्या होत्या. तो घाईत निघताना नेहमी पोळीला तूप-साखर लावून तिची सुरळी मागतो. पहिली पोळी तव्यावरून उतरवली, तूप लावलं, साखर भुरभुरली, गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. तो दारातून बाहेर पडला तेव्हा मी अजून त्याच्या हाताकडे पाहत होते. रॅप. अंगाभोवती गुंडाळायचं नव्हे, भाजीभोवती गुंडाळायचं. आर-ओ-टी-आय. रोटी!

मला ते का सुचलं नाही, हेही तेव्हाच उमगलं. आमच्याकडे पोळी असते, नाहीतर भाकरी. रोटी हा आमच्या लेखी हॉटेलातल्या मेनूकार्डावरचा शब्द. साडी माझ्या अंगवळणी पडलेली, रोटी नाही. क्लूनं ‘भारतीय’ म्हटलं आणि मी ते ‘माझं’ असं वाचलं.

तवा बंद करून टेबलाशी आले. ‘सारी’ आणि ‘रोटी’ दोन्ही ‘आय’नंच संपतात, म्हणून ‘कियॉस्क’नं दिलेली साक्ष दोघींनाही सारखीच लागू होती, तिच्यावरून काहीच ठरत नव्हतं. तिसरं अक्षर आता ‘आर’च्या जागी ‘टी’ झालं, तसा ‘प्राइम’ मोडला. ‘विशिष्ट नंबर’, दुसरं अक्षर टी. मी तो शब्द दुसऱ्या उच्चारानं वाचून पाहिला. नंबर नव्हे, ‘नमर’: बधिर करणारा. ईथर! ई-टी-एच-ई-आर, शस्त्रक्रियेआधी हुंगवत ते. ‘कियॉस्क’ परत लिहिला. वरच्या ओळीत पीच्या जागी ‘ई’ आला आणि ‘ट्रेक’ उभा राहिला, टी-आर-ई-के. पावसाळ्यातला दर शनिवार-रविवार पुण्यातली पोरं सह्याद्रीत ज्यासाठी जातात तो. खालच्या लांब उत्तरात तिसरं अक्षर ‘एच’ आणि चौथं ‘ओ’ झालं, आणि ‘एको चेंबर’ पूर्ण झालं. आपल्याच आवाजाचे पडसाद जिथे आपल्यापर्यंत परत येतात ती जागा. मी पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ त्या दोन शब्दांकडे पाहत राहिले.

कारण त्या कोपऱ्यात मी तेच केलं होतं. ‘प्राइम’ला मी ‘सारी’चा साक्षीदार मानलं. पण ‘प्राइम’ मला सुचला कशावरून? ‘सारी’च्या ‘आर’वरून. तो तिच्याच पोटातून आलेला. त्यानं तिच्या बाजूनं बोलण्यात नवल काय? ‘कियॉस्क’ मात्र कुणाच्या आधारानं आला नव्हता. त्याच्या क्लूवरून तो सरळ सुचलेला, स्वतंत्र. आणि मी खोडला तो नेमका स्वतंत्र साक्षीदार, कारण घरच्या दोघांचं मत त्याच्याविरुद्ध पडत होतं.

त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. पूर्वी मी अडले की रिकाम्या घरांकडे टक लावून बसायची. आता भरलेल्या घरांकडे बघते. रिकामं घर कुणाला अडवत नाही. ते वाट पाहत असतं. अडवतं ते चुकीचं भरलेलं घर. मग एकेका शब्दाला विचारते: तू आलास कुठून? क्लूवरून आलास की शेजारच्या अक्षरावरून? तुझ्या बाजूनं बोलणारे शब्द तू नसतास तरी इथे असते का? ज्याला स्वतंत्र साक्षीदार एकच आहे आणि ज्याच्याबद्दल मला खात्री मात्र सर्वांत जास्त आहे, तो शब्द मी आधी खोडते. बहुतेक वेळा कोपरा तिथेच सुटतो. भारताशी संबंधित क्लू आला की आता मी उत्तर लिहायच्या आधी थांबते. राणी, नान, डाळ, राग, सतार, आग्रा हे शब्द या कोड्यांत नेहमी येतात, कारण ते लहान असतात आणि त्यांत स्वर भरपूर असतात. ते मला पटकन येतात, आणि पटकन आलेल्या उत्तराला मी पुरेसे प्रश्न विचारत नाही.

पेशानं मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांचा मजकूर वाचून त्यातल्या चुका काढते आणि त्या कामात माझा हात चांगला बसलेला आहे. पण तिथे मजकूर दुसऱ्याचा असतो. स्वतः लिहिलेलं, स्वतःला पटलेलं आणि शेजारपाजाऱ्यांशी जुळलेलं असं काही खोडण्याचा सराव मला शनिवारशिवाय कुठेच मिळत नाही. आठवड्यातून एकदा कुणी माझ्यापुढे चौकट ठेवतं आणि तिच्यात माझी खात्री कुठे कुठे पोकळ आहे ते अक्षराअक्षरानं दाखवून देतं. यात अपमान वाटत नाही. उलट चुकीचा शब्द खोडून त्या जागी बरोबर शब्द लिहिताना, आणि भोवतालचे चार शब्द एका मागोमाग एक जागे होताना जे वाटतं, तेवढं पहिल्या झटक्यात भरलेल्या उत्तरानं कधी वाटत नाही.

21 डिसेंबर 1913 ला आर्थर विन यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं कोडं छापलं, चौकोन तिरपा उभा करावा तशा आकाराचं. 1924 मध्ये सायमन अँड शुस्टर या नव्या प्रकाशन संस्थेनं आपलं पहिलंच पुस्तक काढलं ते शब्दकोड्यांचं, आणि प्रत्येक प्रतीला पेन्सिल जोडून दिली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं तेव्हा या नादाला पापी अपव्यय ठरवलं होतं; त्याच वर्तमानपत्रानं महायुद्धाच्या काळात, 15 फेब्रुवारी 1942 ला, मार्गारेट फरार यांच्या संपादनाखाली स्वतःचं कोडं सुरू केलं. या सगळ्यात मला पेन्सिलीची गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. पुस्तकाबरोबर पेन द्यायचं त्यांच्या मनात आलं नाही. हे काम खोडल्याशिवाय होत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी ठाऊक असावं.

सोडवलेल्या प्रिंटा मी फायलीत लावून ठेवते. त्या पावसाळी शनिवारची प्रिंटही आहे. वरचा डावा कोपरा खोडरबरानं घासून पातळ झालाय, उजेडापुढे धरला तर कागदातून पलीकडचं दिसतं. ‘रोटी’च्या अक्षरांखाली पुसलेले एस आणि ए अजून पुसट वाचता येतात. तिसऱ्या घरात आर आणि टी एकमेकांवर आहेत. शेवटच्या घरातला ‘आय’ मात्र पहिल्यापासून होता तसाच आहे. त्याला खोडावं लागलं नाही.