सात खोटे बाउझर

व्हिडिओ गेममध्ये टप्प्याच्या शेवटी वाट अडवून उभा असतो तो मोठा शत्रू म्हणजे 'बॉस'. नव्वदच्या दशकात देहूत आम्ही पोरं त्याला 'व्हिलन' म्हणायचो. 'बॉस' हा शब्द आमच्या घरी दुसऱ्याच माणसासाठी होता. अब्बा भोसरीतल्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होते.

गेममधला पहिला बॉस १९७५ सालचा मानतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' संगणकयंत्रणेवर विद्यार्थ्यांनी 'डीएनडी' नावाचा खेळ लिहिला. भुयारात खोलवर एक मौल्यवान गोळा, आणि त्यावर पहारा देणारा सोनेरी ड्रॅगन. हा बॉस मुळात पहारेकरी होता. त्याच्यामागे मिळवण्यासारखं काहीतरी होतं.

नाणं टाकून खेळायच्या मशीनवर मात्र तेव्हा झुंडीच होत्या. १९७८च्या 'स्पेस इनव्हेडर्स'मध्ये ५५ शत्रू रांगा धरून उतरतात; संपले की पुन्हा तेवढेच. १९८०च्या 'फिनिक्स'मध्ये चार फेऱ्या पक्ष्यांशी लढायचं आणि पाचवीत समोर एक भलंमोठं यान येतं. त्याचं कवच खालून गोळ्यांनी पोखरायचं, फिरत्या पट्ट्याला भोक पाडायचं आणि आत बसलेल्या एकाला टिपायचं. झुंडीमागे कोण आहे, ते इथे दिसलं.

आमच्यापर्यंत गेम पोचले ते नकली यंत्रांतून. देवळाच्या रस्त्यावरच्या एका दुकानामागे अंधारी खोली होती, एका रुपयात पंधरा मिनिटं. बीजेच्या यात्रेत ती बंद असे, कारण तिथे तुळशीच्या माळांची पोती ठेवलेली असत. 'काँट्रा'च्या पहिल्या टप्प्याचा बॉस म्हणजे एक भिंत: वर दोन तोफा, खाली लाल दिवा. तो दिवा फोडायचा. आपण एका गोळीत मरायचो, पण भिंत दर वेळी तशीच वागायची. म्हणून मरून मरून ती पाठ व्हायची.

१९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये आठ किल्ले आहेत आणि प्रत्येकात बाउझर नावाचा राक्षस. पहिले सात खोटे. आगीचे गोळे मारून त्यांना संपवलं की सोंग गळतं आणि आतून एखादा किरकोळ शत्रू निघतो. मग निरोप मिळतो की राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे.

अब्बांना कायम व्हायचं होतं. सुपरवायझर म्हणायचा, कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदार म्हणायचा, निर्णय कंपनीचा. कंपनीतले साहेब म्हणायचे, तुमचं नाव आमच्या हजेरीपटावर नाहीच. मग ब्रेक, मग नवा कंत्राटदार, नवं गेटपास. ज्याच्यासमोर अब्बा हात जोडून उभे राहिले, तो प्रत्येक जण शेवटी साधा पगारदार निघाला. असे ते तेवीस वर्षं किल्ल्यामागून किल्ले फिरले.

गेम बनवणाऱ्यांनी आम्हा पोरांना फसवलं नव्हतं. सात खोटे असले तरी आठवा खरा होता. नाही म्हणणाऱ्याला चेहरा होता, ठिकाण होतं. अब्बांच्या वाट्याला आठवा किल्ला आलाच नाही.

आता माझा भाचा चाकणला ट्रेनी म्हणून लागलाय, अकरा महिन्यांच्या पत्रावर. त्याला मी एवढंच सांगतो: बेटा, प्रत्येक पत्र, प्रत्येक पगाराची स्लिप जपून ठेव, आणि खाली सही कुणाची आहे, शिक्का कुणाचा आहे ते बघ. भिंत मोठी आहे म्हणून घाबरू नकोस. लाल दिवा कुठे आहे, ते आधी शोध.